‘स्वायत्त’ ही संज्ञा आणि पक्षाघाताची साक्ष

लंडनच्या मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीच्या निबंधमालेत इ. स. १८११ मध्ये डॉ. अलेक्झांडर मार्से यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. मार्से हे मूळचे जिनीव्हाचे. राज्यक्रांतीच्या धामधुमीत मायदेश सोडून ते ब्रिटनमध्ये आले आणि पुढे लंडनच्या गाय रुग्णालयात वैद्य म्हणून स्थिरावले. निबंधाचा विषय होता त्यांच्याच गावच्या एका वडीलधाऱ्या वैद्याचा आजार. निबंधाच्या शीर्षकात या आजाराला ‘मज्जासंस्थेचा अथवा पक्षाघाताचा एक विलक्षण विकार’ असे म्हटले असून, त्यासोबत ‘विषम विकृत संवेदना’ होत्या असे पुढे जोडले आहे. या शीर्षकातील ‘अथवा’ हा शब्द वाटतो तितका किरकोळ नाही. विकार कोणत्या कोटीत घालावा हे ठरत नव्हते, आणि तो संभ्रम शीर्षकातच नोंदला गेला होता.

रुग्णाचे नाव गास्पार व्ह्यूसो. जन्म १७४६ चा. १८०५ साली जिनीव्हात उद्भवलेल्या मस्तिष्कावरणदाहाच्या साथीचे पहिले नीट वर्णन केल्याचे श्रेय वैद्यकाचे इतिहासकार त्यांना देतात; म्हणजे रोगाकडे बारकाईने पाहण्याची आणि पाहिलेले शब्दांत उतरवण्याची सवय त्यांना होती. वयाची साठी उलटल्यावर, १८०८ च्या सुमारास, तीच दृष्टी त्यांना स्वतःकडे वळवावी लागली. आधी भोवळ आली. चेहऱ्याची एक बाजू बधिर झाली. शरीराच्या उलट बाजूच्या हातापायांतून वेदना आणि शीतोष्ण यांची जाणीव गेली, पण नुसता स्पर्श कळत राहिला. आवाज घोगरा झाला. डाव्या डोळ्याची पापणी खाली उतरली. आणि उचकी लागली, ती अशी की सहजासहजी थांबेना; सकाळच्या धूम्रपानाने ती आटोक्यात आली, असा उल्लेख या वृत्तांतात आहे. आपल्याकडे उचकी लागली की कोणीतरी आठवण काढली असे म्हणून घोटभर पाणी पिण्याचा प्रघात आहे. व्ह्यूसोंची उचकी त्या जातीची नव्हती. तिचे मूळ मेंदूच्या देठात होते. परंतु हे त्या काळी कोणाला सांगता आले नसते.

या यादीतील काही लक्षणे संवेदनेची आहेत, काही घशातील स्नायूंची. पापणीची गोष्ट मात्र निराळी. आज ज्याला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात, तिच्या एका धाग्याला धक्का बसल्याची ती खूण आहे. ‘स्वायत्त’ हे नाव जन्माला यायला तेव्हा ९० वर्षे अवकाश होता. नाव नसताना लक्षण दिसले कसे, आणि नाव मिळाल्यावर ते अधिक स्पष्ट दिसू लागले की काही काळ दृष्टीआड गेले, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासाइतकाच शब्दांच्या इतिहासाचाही आहे.

व्ह्यूसोंच्या काळी उपलब्ध असलेली शब्दसंपत्ती तपासली म्हणजे अडचण ध्यानात येते. या रोगाची बहुतेक भाषांतील नावे प्रहारावरून आलेली आहेत. ग्रीक ‘अपोप्लेक्सिया’च्या मुळाशी आघात करणे या अर्थाचा धातू आहे, इंग्रजी ‘स्ट्रोक’ आणि जर्मन ‘श्लाग’ यांचाही अर्थ फटका असाच. संस्कृत ‘पक्षाघात’ त्याच वळणाचा आहे. मराठी बोलीने मात्र वेगळी वाट धरली: ‘अंगावरून वारे गेले’ या प्रयोगात कोणी मारत नाही, केवळ काहीतरी वरून निघून जाते, ‘अर्धांगवायू’तही तोच वायू आहे. प्रतिमा कोणतीही असो, ‘पक्ष’ काय किंवा ‘अर्धांग’ काय, या नावांचा सारा भर शरीराच्या उभ्या अर्ध्या भागावर आणि त्याच्या हालचालीवर आहे. हात उचलत नाही, पाय ओढावा लागतो, तोंड वाकडे होते, हे या नावांत मावते. घाम, उचकी, बाहुलीचे आकुंचन, नाडीची गती यांना तेथे जागा नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पक्षवध आणि अर्दित हे २८ व्या अध्यायात वातव्याधींबरोबर येतात, तर हिक्का ही श्वासाच्या जोडीने १७ व्या अध्यायात येते. त्या शास्त्राची वर्गीकरणाची तत्त्वे निराळी असल्यामुळे यात दोष काढण्याचे कारण नाही. परंतु व्ह्यूसोंसारख्या रुग्णाला आपला एकच आजार दोन अध्यायांत शोधावा लागला असता, एवढे खरे. शिवाय त्यांचे हातपाय लुळे पडलेच नव्हते. अर्धांग न जाता अर्धांगवायू झालेला हा रुग्ण होता.

दुसऱ्या बाजूला, ज्या मज्जातंतूमुळे त्यांची पापणी उतरली होती त्याची माहिती शरीरशास्त्रज्ञांना केव्हाच झाली होती. छातीपोटाच्या मागे कण्याच्या दोन्ही बाजूंनी गाठीगाठींनी उतरणारी जी माळ दिसते, ती मेंदूतून निघून खाली जाते असे टॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये मानले होते. फ्रान्सोआ पुर्फूर द्यु पेती हे फ्रेंच लष्करी वैद्य. त्यांनी कुत्र्याच्या मानेतील हा तंतू कापून पाहिला, तेव्हा त्याच बाजूच्या डोळ्यात विकृती आढळली. तंतू वरून खाली येत असता तर तो कापल्याने वरच्या डोळ्याला काही होण्याचे कारण नव्हते. तेव्हा तो खालून वर जात असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी १७२७ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला. युक्तिवाद इतका स्वच्छ आहे की आजच्या विद्यार्थ्यानेही तो मुळातून समजून घ्यावा. याच पेतींनी त्यापूर्वी सैनिकांच्या डोक्याच्या जखमांवरून, मेंदूच्या एका बाजूला इजा झाली की शरीराची दुसरी बाजू लुळी पडते, हेही दाखवले होते. म्हणजे पक्षाघात आणि डोळ्याची खूण या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती होत्या. त्या एकमेकींना जोडाव्यात असे त्यांना सुचले नाही, कारण एक मेंदूतली आणि दुसरी मानेतली.

ही विभागणी पुढे शब्दांनी पक्की केली. १७३२ मध्ये याकोब विन्स्लोव यांनी त्या माळेला ‘महासहानुभूतिक’ असे नाव दिले. शरीराचे अवयव परस्परांच्या दुःखाने दुःखी होतात ही कल्पना गेलेनच्या काळापासून चालत आली होती, आणि ही माळ त्या सहानुभूतीची वाहक मानली गेली. मराठीत आज रूढ असलेले ‘अनुकंपी’ हे विशेषण याच कल्पनेचे दूरचे वंशज होय. ते वाचताना गेलेनची आठवण फार थोड्यांना होत असेल. १८०० मध्ये झाव्हिए बिशा यांनी जीवनाचेच दोन भाग पाडले. एक ‘प्राणिजीवन’, ज्यात इच्छा, हालचाल, संवेदना. दुसरे ‘इंद्रियजीवन’, ज्यात पचन, अभिसरण, स्राव. पहिल्याचे केंद्र मेंदू, दुसऱ्याचा कारभार त्या गाठींच्या हवाली. बिशा ३० वर्षांचे असतानाच, १८०२ मध्ये, वारले. त्यांचे द्वैत मात्र शतकभर टिकले. व्ह्यूसोंवर वार झाला तो नेमका या द्वैताच्या भर अमलात. मेंदूच्या आजाराने प्राणिजीवन बिघडावे, इंद्रियजीवनाने आपले चालू ठेवावे, अशी अपेक्षा होती. आजाराने ती पाळली नाही, म्हणून तो ‘विलक्षण’ ठरला. ‘लक्षण’ या शब्दाचा एक अर्थ रोगचिन्ह असा असल्याने ‘विलक्षण’ हे विशेषण येथे मराठीत अधिकच चपखल बसते: मान्य लक्षणांच्या बाहेर पडलेले ते विलक्षण.

मधल्या काळातील प्रयोगांचा इतिहास परिचित आहे. क्लोद बेर्नार यांनी १८५१-५२ मध्ये सशाच्या मानेतील तोच तंतू कापला आणि त्या बाजूचा कान तापतो हे पाहिले. ब्राउन-सेकार यांनी त्याच तंतूला विजेची चेतना देऊन रक्तवाहिन्या आकसतात हे दाखवले. अमेरिकन यादवी युद्धातील जखमींवर मिचेल, मोरहाउस आणि कीन यांनी १८६४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात मानेला गोळी लागलेल्या एका सैनिकाचे असेच वर्णन येते. १८६९ मध्ये झुरिकचे नेत्रवैद्य योहान फ्रीडरिख होर्नर यांनी एका ४० वर्षांच्या शेतकरी स्त्रीची उतरलेली पापणी, लहान झालेली बाहुली आणि चेहऱ्याच्या दोन बाजूंच्या उष्णतेतील फरक नोंदवून तिन्ही गोष्टींचे कारण एकच असल्याचे सांगितले. लक्षणसमूहाला त्यांचे नाव पडले. फ्रेंच ग्रंथकार त्याला बेर्नारांचेही नाव जोडतात, आणि पेतींचा त्यात सहसा उल्लेख नसतो. असो.

मेंदूतील नेमकी जागा सापडायला १८९५ साल उजाडले. डान्झिगचे, म्हणजे आजच्या पोलंडमधील ग्दान्स्कचे, आडोल्फ वालेनबेर्ग यांनी एका ३८ वर्षांच्या पुरुषाच्या तक्रारींवरून असे अनुमान केले की अनुमस्तिष्काला रक्त पुरवणारी खालची मागील रोहिणी बंद पडून लंबमज्जेच्या बाजूचा लहानसा तुकडा मृत झाला असावा. रुग्ण जिवंत असताना केलेल्या या अनुमानाच्या शेवटी, निबंधाच्या शीर्षकातच, त्यांनी प्रश्नचिन्ह घातले. १८९९ मध्ये रुग्ण वारला, शवविच्छेदन झाले, आणि १९०१ च्या निबंधाने अनुमान खरे ठरवले. शास्त्रीय वाङ्मयात प्रश्नचिन्हाचा इतका प्रामाणिक उपयोग क्वचितच आढळतो. पुढे १९६१ मध्ये फिशर, कार्न्स आणि क्युबिक यांनी दाखवले की अशा बहुतेक रुग्णांत दोष त्या लहान रोहिणीपेक्षा तिच्या उगमस्थानी असलेल्या कशेरुकी रोहिणीत असतो. वालेनबेर्ग यांना ते पाहायला मिळाले नाही. ज्यू असल्यामुळे १९३८ मध्ये त्यांना आपले संशोधन आणि गाव सोडावे लागले. इंग्लंडमार्गे ते अमेरिकेत गेले आणि १९४९ मध्ये तेथेच निवर्तले.

लंबमज्जेचा तो तुकडा जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या जागेत किती वाटा एकत्र आणतो हे पाहिले की व्ह्यूसोंच्या लक्षणांचे कोडे उलगडते. उलट बाजूच्या वेदना-उष्णतेच्या वाहिन्या तेथून वर जातात, चेहऱ्याच्या संवेदनेचे केंद्र तेथेच, घसा आणि स्वरयंत्र हलवणारे केंद्रही तेथेच. आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपासून निघालेली अनुकंपी वाट त्याच जागेतून मज्जारज्जूत उतरते. ती छातीच्या वरच्या भागात बाहेर पडते आणि तेथून मानेतून डोळ्यापर्यंत परत चढते. पेतींनी पाहिला तो या वळशाचा चढता अर्धा भाग. उतरता अर्धा भाग मेंदूतून येतो. म्हणजे विलिस यांचेही म्हणणे अगदीच निराधार नव्हते.

अशा वेळी, १८९८ मध्ये, केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी या संपूर्ण यंत्रणेला ‘ऑटोनॉमिक’ हे नाव दिले. शब्द त्यांना सुचवला तो केंब्रिजमधीलच ग्रीकचे प्राध्यापक आणि सोफोक्लीजचे संपादक रिचर्ड जेब यांनी. लँगलींनी तसे ऋण नमूद केले आहे. येथे थोडे थांबले पाहिजे. मार्से यांच्या शीर्षकातील ‘अनॉमलस’ आणि लँगलींचे ‘ऑटोनॉमिक’ हे शब्द कानाला सख्खे भाऊ वाटतात. पुष्कळांची समजूत असते की दोहोंत ‘नोमोस’ म्हणजे नियम हाच शब्द आहे. वस्तुतः ‘अनॉमलस’मध्ये तो नाही, ‘होमालोस’ म्हणजे सपाट, त्याच्या अभावी ते खडबडीत, विषम. ‘ऑटोनॉमिक’मध्ये मात्र ‘नोमोस’ आहे: स्वतःचे नियम असलेला. परंतु ग्रीक इतिहासात ‘ऑटोनोमिया’ हा शब्द सार्वभौम सत्तेसाठी सहसा येत नाही. तो येतो बलिष्ठ शेजाऱ्याच्या छायेतील नगरराज्यांच्या संबंधात, ज्यांना आपले कायदे चालवण्याची मुभा आहे, पण ती मुभा दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे. इ. स. पू. ३८६ च्या तहात ग्रीक नगरांना ‘ऑटोनोमिया’ बहाल केली ती इराणच्या सम्राटाने. बहाल केलेली स्वायत्तता किती स्वतंत्र असते हे त्या नगरांना लवकरच कळले.

जेब यांच्या मनात शब्दाची ही छटा होती काय, हे ठरवण्याचे साधन नाही. लँगलींनी मात्र १९२१ च्या आपल्या ग्रंथात मोकळेपणाने कबूल केले आहे की, अन्नमार्गाच्या भिंतीतील जाळे कदाचित वगळता, प्रत्यक्षात आहे त्याहून कितीतरी अधिक स्वातंत्र्य हा शब्द सुचवतो. त्यांचा बचाव एवढाच की नव्या कल्पनेला नवा शब्द असणे, तो शब्द तंतोतंत वर्णनपर असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. संज्ञाशास्त्राच्या दृष्टीने हा बचाव ग्राह्य आहे. परंतु त्याची किंमत कोणी मोजली, हा निराळा प्रश्न. संज्ञा विद्यार्थ्यांच्या तोंडी बसली, तिच्यासोबत दिलेला इशारा ग्रंथातच राहिला. लँगलींचा शब्द दहा-अकरा वर्षांचा झाला नाही तोच, १९०९ मध्ये, व्हिएन्नात कार्प्लुस आणि क्राइड्ल यांनी मांजराच्या हायपोथॅलॅमसला चेतना देऊन बाहुली मोठी होते हे दाखवले. पुढे वाल्टर हेस यांना अशाच संशोधनासाठी १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगशाळेत ‘स्वायत्त’ यंत्रणेचा राजा मेंदूत बसलेला दिसत होता. रुग्णालयात मात्र बिशांचे द्वैत नव्या नावाने नांदत होते.

याचा ठळक पुरावा हृदयाच्या आलेखाचा आहे. १९५४ मध्ये बर्च, मायर्स आणि अबिल्डस्कोव्ह यांनी मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या आघातानंतर १७ रुग्णांच्या आलेखांत दिसलेला एक विचित्र आकार प्रसिद्ध केला. असे आलेख एरवी हृदयविकाराचे म्हणून वाचले गेले असते. मेंदूतील घाव हृदयाची गती आणि लय बिघडवू शकतो, हे मान्य होणे संज्ञेच्या प्रवाहाविरुद्ध पोहण्यासारखे होते. मेंदूच्या पार्श्वखाचेत दडलेल्या इन्सुला या भागाचा त्यातील वाटा स्पष्ट व्हायला १९९२ साल लागले. त्या वर्षी ओपेनहायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपस्माराच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्या भागाला चेतना दिली असता नाडीची गती बदलल्याचे नोंदवले. त्याच वर्षी फिनलंडमधील औलू येथील कोर्पेलाइनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाम मोजला. मेंदूच्या अर्धगोलात रक्तपुरवठा बंद पडलेल्या रुग्णांना लुळ्या पडलेल्या बाजूस अधिक घाम येतो, असे त्यांना आढळले. रुग्ण आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायका ही गोष्ट त्याआधीही पाहत असणारच. उशीची एकच बाजू भिजते हे ध्यानात यायला उपकरण लागत नाही. लागते ते ऐकणारा कान आणि ऐकलेले लिहून ठेवण्यासाठी एखादे खाते.

ज्या लक्षणांना खाते नव्हते, त्यांच्यासाठी कधीकधी वाङ्मयाकडे हात पसरावा लागला. १९६२ मध्ये सेव्हरिंगहाउस आणि मिचेल यांनी शस्त्रक्रियेनंतर आपोआप श्वास घेण्याची शक्ती गमावलेल्या तीन रुग्णांची हकीगत सांगितली. जागेपणी, सांगितले की ते श्वास घेत. झोप लागली की विसरत. या अवस्थेला त्यांनी ‘ओंदीनचा शाप’ असे नाव दिले, जे झां जिरोदू यांच्या १९३९ च्या नाटकावरून आले. लंबमज्जेतील आघातानंतरही हीच अवस्था आढळते. नाटकात ज्याला प्रत्येक श्वास आठवून घ्यावा लागतो तो सरदार हान्स आहे, ओंदीन नव्हे. आणि काटेकोरपणे पाहिले तर श्वासाचे स्नायू लँगलींच्या यंत्रणेत येतही नाहीत. तरी नाव टिकले, कारण त्याने एक भीती नेमकी पकडली होती.

मराठीतील संज्ञांचा विचार येथे अटळ ठरतो. ‘मज्जा’ हा आयुर्वेदात हाडांतील धातू. ‘मज्जातंतू’ या समासात तो कसाबसा नव्या अर्थाला जुंपला गेला. पाठ्यपुस्तकांनी ‘चेतासंस्था’ आणि विश्वकोशाने ‘तंत्रिका तंत्र’ हे पर्याय घेतले. ‘ऑटोनॉमिक’साठी ‘स्वायत्त’ रूढ झाला आहे. क्वचित ‘अनैच्छिक’ वापरतात. तो नकारार्थी असला तरी फसवत नाही, कारण इच्छेविना होणे आणि मेंदूविना होणे या दोन गोष्टी त्यात एकवटत नाहीत. ‘स्वायत्त’ची व्युत्पत्ती मात्र ‘स्व’ + ‘आयत्त’, म्हणजे स्वतःच्या अधीन, अशी असल्याने ती लँगलींच्या इशाऱ्याला अधिकच विरोधी आहे. व्यवहाराने तिला थोडे वाचवले. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम स्वतः ठरवते, परीक्षा स्वतः घेते, पण पदवी विद्यापीठाचीच देते, हे विद्यापीठाच्या आवारात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. या व्यवहारातील ‘स्वायत्त’ हा इ. स. पू. ३८६ च्या ‘ऑटोनोमिया’शी व्युत्पत्तीतील ‘स्वायत्त’पेक्षा अधिक जवळचा आहे, आणि शरीरातील वस्तुस्थितीशीही. संज्ञा बदलण्यापेक्षा हा अर्थ वर्गात स्पष्ट करणे सोपे. निदान रुग्णाचे मराठीत इतिवृत्त घेताना ‘हात उचलतो का’ याच्या जोडीला ‘एकाच अंगाला घाम येतो का, एक हात गार पडतो का, उचकी किती दिवस आहे’ हेही विचारले जाईल.

व्ह्यूसो १८१४ मध्ये वारले. १९४१ मध्ये जॉन रोमानो आणि ह्यूस्टन मेरिट यांनी वैद्यकाच्या इतिहासाला वाहिलेल्या एका नियतकालिकात त्यांचा वृत्तांत पुन्हा वाचला, आणि वालेनबेर्ग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लक्षणसमूहाचे ते एक जुने वर्णन आहे असे दाखवले. लक्षणांना आता जागा होती, रोहिणी होती, नाव होते. तरीही त्या दोघांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकात मार्से यांचा ‘विलक्षण’ हा शब्द तसाच ठेवला.